शेजारची काच

सोनावणे मॅडमनी कुठल्याही गोष्टीला नुसतं ‘चांगली आहे’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. चहा करून दिला तर ‘कालच्यापेक्षा बरा’. नवी साडी नेसून गेलं तर ‘त्या हिरवीपेक्षा ही तुला खुलते’. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले आणि मोठ्या हौसेने मुलाचा फोटो पुढे केला. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "कुणापेक्षा बरा?"

मी म्हटलं, "मॅडम, दुसरं स्थळ आलंच नव्हतं."

त्यावर त्या खरोखरच काळजीत पडल्या. पेढा मात्र खाल्ला, आणि मी पास झाल्यावर दिलेल्या पेढ्यापेक्षा हा कमी गोड आहे, असं सांगून दुसरा उचलला.

मॅडम आमच्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवायच्या आणि मी त्यांची पदव्युत्तर विद्यार्थिनी. बदलापूरजवळच्या गावची भोईरांची मुलगी, भाताच्या खाचरातून थेट सूक्ष्मदर्शकापुढे येऊन बसलेली. आता अंबरनाथला माझी स्वतःची छोटी लॅब आहे. मॅडम गेल्या वर्षी गेल्या, थोड्याशा आजाराने, फारसा त्रास न होता. पण अजून लॅबमध्ये कुणी ‘रिपोर्ट ठीक आहे’ म्हटलं की माझ्या कानात त्यांचा प्रश्न वाजतो, ‘कशापेक्षा?’

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या हाताखाली गेले त्याच दिवशी. शरीराचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा अगदी पातळ काप काढायचा, रंगवायचा आणि काचेच्या पट्टीवर चढवून बघायचा, हे आमचं काम. सगळं जग त्या पट्टीला स्लाइड म्हणतं, मॅडम ‘काच’ म्हणत. त्यांनी एक काच माझ्यापुढे सरकवली.

"काय आहे?"

"शीर, मॅडम."

"कशावरून?"

"भिंत पातळ आहे."

"कशापेक्षा?"

मी परत काचेत डोळा घातला.

"पातळ म्हणजे कशापेक्षा पातळ, भोईर? कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा का गोधडीपेक्षा?"

बाकीची मुलं खाली मान घालून हसत होती. त्यांचीही कधी ना कधी पूजा झालेली असणार. मग मॅडमनी खणातून दुसरी काच काढली, धमनीची, आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. "आता बघ. आधी हिच्यात, मग तिच्यात, मग परत हिच्यात. एकटी काच फसवते, बाळा. शेजारी दुसरी ठेवली की खरं बोलायला लागते."

त्या कधीच एक काच बघत नसत. खणात त्यांनी चांगल्या तब्येतीच्या माणसांच्या काचा जमवून ठेवल्या होत्या, आणि आलेल्या प्रत्येक काचेला त्यातली एक शेजारीण मिळायची. ही सवय लॅबच्या बाहेरही सुटत नसे. जांभळांच्या दिवसांत त्या बदलापूर स्टेशनबाहेर बसणाऱ्या दोन बायकांकडून एकेक द्रोण घ्यायच्या आणि तिथेच उभ्या राहून एक हिचं, एक तिचं, असं खायच्या. दोघी बायका आपापला धंदा सोडून मॅडमच्या तोंडाकडे बघत राहायच्या. शेवटी जांभळी जीभ सावरत मॅडम निकाल द्यायच्या, "आज तुझी. काल तिची होती." हरलेली बाई पुटपुटायची, "आमच्या झाडाला काल पानी कमी झालं व्हतं, डाक्टरीणबाय," आणि मॅडम ते कारण गंभीरपणे ऐकून घ्यायच्या. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांसमोर हमखास विचारायचे, "मला पसंत केलंस तेव्हा शेजारी कोण ठेवला होतास, ते तरी सांग." मॅडम हसून स्वयंपाकघरात जायच्या. ते उत्तर त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही.

मॅडमचा खरा जीव शिरांमध्ये होता. हृदयाची किंवा पायाची धमनी तुंबली की सर्जन रक्ताला वळसा घालून जायला नवी वाट करून देतात. ती वाट बहुतेक वेळा रुग्णाच्याच पायातून काढलेल्या शिरेची असते. आयुष्यभर संथ रक्त वाहणारी शीर उचलायची आणि धमनीच्या जोरात नेऊन बसवायची. शिरेच्या आत छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून ती उलटी करून शिवावी लागते. या नव्या नोकरीला कुठली शीर जास्त लायक, हा मॅडमचा प्रश्न. पायाची का हाताची? पायाचीसुद्धा घोट्याजवळची का मांडीजवळची? भिंतीत स्नायू किती, लवचीक धागे किती, आतलं अस्तर आधीच जाड झालंय का? माझा प्रबंध याच विषयावर होता. म्हणजे मॅडमनी तो माझ्या गळ्यात बांधला होता आणि मी हो म्हणून मोकळी झाले होते.

ऑपरेशनमध्ये शीर गरजेपेक्षा थोडी लांबच काढतात. उरलेला तुकडा एरवी टाकून देतात, तो रुग्णाच्या परवानगीने आमच्याकडे यायचा. पण बाटलीतल्या औषधात तरंगणाऱ्या त्या बोटभर तुकड्याचं वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं, हे कसं कळावं? मॅडमनी यावर एक रीत काढली. जीन्सवर जी जाड नारिंगी शिलाई असते ना, त्या दोऱ्याचं रीळ त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन ठेवलं. तुकडा बाटलीत टाकण्यापूर्वी शरीरात जे टोक खाली होतं, पायात असेल तर घोट्याकडचं आणि हातात असेल तर मनगटाकडचं, त्याला या दोऱ्याची एक गाठ मारायची. तो दोरा कुठल्याही औषधात विरघळत नसे आणि त्याचा रंगही सुटत नसे.

सर्जन लालवानी सरांना सुरुवातीला हे फारसं रुचलं नाही. ते उल्हासनगरचे सिंधी, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि स्वभाव मिश्कील. ते रीळ बोटात धरून म्हणाले, "मॅडम, हम लोग सर्जन हैं, टेलर नहीं."

"टेलर असतात तर दोरा मला आणून द्यावा लागला नसता, सर," मॅडम म्हणाल्या.

लालवानी सर खो खो हसले आणि त्या दिवसापासून इमानेइतबारे गाठी मारू लागले.

एवढं करूनही मॅडमचं समाधान लवकर होत नसे. एकदा मी हाताच्या आणि पायाच्या शिरांची मापं घेऊन गेले. आकडे इतके सुंदर जुळत होते की मी मनात प्रबंधाचं मुखपृष्ठसुद्धा रंगवलं होतं. मॅडमनी दोन्ही काचा बघितल्या आणि म्हणाल्या, "ही पायाची सलाइन भरून फुगवलेली आहे. ही हाताची रिकामी, चुरगळलेली. एक शर्ट अंगात घातलेला आणि एक दोरीवर वाळत घातलेला. मापं कशी घेतलीस?" सगळं पुन्हा करावं लागलं. माझ्या नाकी नऊ आले आणि मी तोंड भरून त्यांना शिव्या दिल्या, अर्थात घरी जाऊन.

तो नारिंगी दोरा यायचा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून. मॅडमचं माहेर तिथलं. वडील अंबरनाथच्या कारखान्यात होते. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर शेजारी शेजारी, आणि ‘शिका’ हा शब्द दिवसातून चारदा कानावर पडायचा. मॅडम शिकल्या. थोरल्या भावाला शाळेपेक्षा कात्री आवडली. रतन त्याचं नाव, पण बाजारात सगळे ‘मास्टर’ म्हणायचे. कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारी एवढी दुकानं, पण कापड टेबलावर पसरून एकावर एक थर एका दमात कापावेत ते मास्टरनीच. कापून झालं की तेच मशीनवर बसायचे. सुई किती वेगाने पळवायची ते उजव्या पायाखालच्या पायट्यावर ठरतं, आणि मास्टरच्या पायाला तो वेग इतका कळत होता की गप्पा मारतानाही टीप वाकडी जात नसे.

मास्टरना आपल्या उजव्या हाताचा भारी तोरा. त्याला ते ‘कात्रीचा हात’ म्हणायचे. त्या हाताने ते पिशवी उचलत नसत, की कुणाला टाळी देत नसत. आणि त्या हाताला सुई लावू देण्याचं तर नावच काढू नका. मॅडम बहुतेक रविवारी माहेरी जायच्या आणि भावाची साखर तपासायला रक्त घ्यायच्या. तेव्हा मास्टर न सांगता डावा हात पुढे करायचे. कोपराच्या खळग्यात ठसठशीत शीर होती, एका टोचण्यात काम व्हायचं. "आमच्या शालूचा हात काय हलका आहे," मास्टर गिऱ्हाइकांना सांगायचे. "सुई घातली कधी, काढली कधी, आपल्याला पत्ताच नाय." मॅडमना त्याचा अभिमान होता. मी एकदा बरोबर गेले होते, तेव्हा त्यांनी मला ती शीर मुद्दाम दाखवली होती.

निवृत्तीनंतर मॅडम बदलापूर पूर्वेला शिरगावात राहायला आल्या. डोंगर दिसतो त्या खिडकीत त्यांनी आपला जुना सूक्ष्मदर्शक मांडला. माझ्या लॅबमधली अवघड काच मी तिथे घेऊन जायची, आणि शेजारची काच त्या खणातून काढायच्या. सगळं मजेत चाललं होतं. आणि मग मास्टरच्या उजव्या पायाचं बोट काळं पडलं.

साखर जुनी होती. हृदयाचं बायपास आधीच झालेलं, त्यासाठी डाव्या पायाची शीर तेव्हाच वापरून झाली होती. त्यानंतर सिगरेट सोडण्याची त्यांनी शपथ घेतली होती, ती जेमतेम बिडीपर्यंत पोहोचली होती. आता गुडघ्याखालची धमनी तुंबली होती. पावलापर्यंत रक्तच पोहोचत नव्हतं, बोटाची जखम भरत नव्हती. लालवानी सरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की वळसा घालून रक्त पावलापर्यंत नेलं नाही, तर पाय काढावा लागेल.

मास्टर दुकानात येऊन मशीनपुढे बसून राहिले. पायट्यावर पाय ठेवला की कळ यायची. "पाय गेला तर माझे हात काय गोधड्या शिवणार?" ते म्हणाले, आणि हसले. त्या हसण्याने मॅडमना फार लागलं.

नवी वाट करायची तर कशाची? उजव्या पायाच्या शिरा आयुष्यभर टेबलापाशी उभं राहून फुगून गाठाळल्या होत्या, त्यांचा उपयोग नव्हता. कृत्रिम नळी घालता येते, पण गुडघ्याच्या इतक्या खाली ती फारशी टिकत नाही, हे मॅडमना माहीत होतं. उरली हाताची शीर. जिच्या भिंतीचे काळे, पिवळे, लाल धागे बघण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, तीच.

आणि इथेच त्यांची विद्या अडली. शीर आतून कशी आहे ते बघायचं, तर ती कापून काच करावी लागते. कापली की ती वापरायला राहत नाही. भावाच्या जित्या हातातल्या शिरेची काच त्यांना करता येणार नव्हती. "आयुष्यात पहिल्यांदा न बघता निकाल द्यायचा आहे, भोईर," त्या मला म्हणाल्या. मला त्यांची इतकी दया आली की मी उगाचच चहा करायला उठले.

निदान सोनोग्राफीत जेवढं दिसेल तेवढं बघू, म्हणून मास्टरना अंबरनाथला आणलं. माझ्या लॅबशेजारीच माझ्या मैत्रिणीचं सोनोग्राफी सेंटर आहे. लालवानी सरांना डावा हात बरा पडणार होता, मास्टरही डाव्यावर खूश होते. मैत्रिणीने डाव्या हातावर यंत्र फिरवलं. मनगटापासून वर येताना शीर छान होती. कोपराच्या खळग्यात आल्यावर ती थांबली.

"इथे भिंत जाड झालीये मॅडम. आत पडदा आल्यासारखा दिसतोय. टोचून टोचून होतं असं. यांना सारखं सलाइन वगैरे लागायचं का?"

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. "सलाइन नाही," त्या म्हणाल्या. "मी टोचायचे तिथे."

दुसऱ्या एखाद्या घरात भावाचं रक्त लॅबमधल्या कुणीतरी, आज या हातातून, उद्या त्या हातातून काढलं असतं. इथे बहीणच पॅथॉलॉजिस्ट. आणि सगळ्या पॅथॉलॉजिस्टना असते तीच खोड, सगळ्यात चांगली शीर शोधायची आणि दर वेळी तिथेच जायचं. मॅडमनी आयुष्यभर शिरांच्या आतली दुखरी अस्तरं बघितली होती, आणि रविवारच्या रविवार स्वतःच्या हाताने एक दुखवली होती.

मग मैत्रिणीने उजवा हात घेतला. मनगटापासून थेट दंडापर्यंत शीर सरळ, रुंद, स्वच्छ. कुणी कधी बोट लावलेलं नाही अशी. मास्टरच्या तोऱ्याने ती राखून ठेवली होती.

मला वाटलं, सुटलो. पण मास्टरनी हात मागे घेऊन सदऱ्याची बाही खाली ओढली. "तो नाय," ते म्हणाले. "कात्रीच्या हाताला मी सुई लावू दिली नाय, सुरी लावू देऊ? पाय वाचवून हात घालवू काय?"

"हात जात नाही दादा. शिरा भरपूर असतात हातात. रक्त दुसऱ्या वाटांनी परत जातं."

"काय बोलते तू! मनगटापासून दंडापर्यंत फाडणार, आणि काही होणार नाय?"

"दुखेल. काही महिने बधिर वाटेल. खोटं सांगत नाही."

"मग नळी टाका. नळीचा वांदा काय आहे?"

मास्टर उठून रिक्षात जाऊन बसले. तिथून पुढचे काही दिवस फार वाईट गेले. बोटाचा काळेपणा वर सरकत होता. लालवानी सरांचे फोन येत होते, "मॅडम, जल्दी करो, आता थांबता नाही येणार." घरचे सगळे म्हणत होते, शालू सांगेल ते. आणि शालूचं ऐकायचं ज्याने तोच ऐकत नव्हता. मॅडम मला म्हणाल्या, "मी त्याच्याशी बहीण म्हणून बोलतेय, आणि बहिणीवर त्याचा आत्ता राग आहे. असायलाच पाहिजे." मी म्हटलं, राग नाहीये मॅडम, भीती आहे.

एका दुपारी त्या स्वतः रिक्षा घेऊन गेल्या आणि मास्टरना शिरगावला घेऊन आल्या. मी तिथेच होते. मास्टरना खिडकीत बसवलं, दुखरा पाय स्टुलावर ठेवला आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्यापुढे ओढला.

"नुसतं काळं दिसतंय," मास्टर म्हणाले.

"त्या तुझ्या पापण्या आहेत. डोळा जरा लांब धर."

मग त्यांना दिसलं. बराच वेळ ते बघत राहिले. कापड हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा होतो तसा झाला.

"हे काय? ताणा-बाणाच आहे की."

"ही पायाची शीर. आता ही बघ, हाताची." मॅडमनी शेजारची काच सरकवली. "आधी ही, मग ती, मग परत ही."

मास्टरनी तसंच केलं. "हे हाताचं पातळ आहे शालू. अस्तर मात्र साफ आहे. ते पायाचं जाड, पण आतून जरा चढलंय."

मी प्रबंधात हे वाक्य लिहायला केवढा घोळ घातला होता! मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची मेहेरबानी.

"टिकेल का?" मास्टरनी विचारलं.

"कशापेक्षा ते सांगते," मॅडम म्हणाल्या. "नळीपेक्षा जास्त टिकेल, असं आजवर बघितलंय. पायाच्या शिरेइतकी टिकेल का ते सांगता येत नाही, पण ती तू हृदयाला देऊन बसलास. डावी मी खराब केली. आता दोनच काचा आहेत, दादा. एकीत तुझा हात काही महिने दुखतो. आणि दुसरीत..." त्या थांबल्या.

"बोल की."

"दुसरीत पायटा आहे आणि पाय नाही."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मास्टर खिडकीतून डोंगराकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू खराब केली असं लोकांना नको सांगू. तुझा हात हलका आहे असं मी सगळ्या मार्केटमध्ये बोललोय." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून शिंपी वापरतात तो चपटा खडू काढला. खडूशिवाय ते कुठे जातच नसत. उजवी बाही वर केली आणि डाव्या हाताने मनगटापासून दंडापर्यंत एक सरळ रेघ ओढली. "इथून काप म्हणावं. आणि सरळ कापायला सांग त्या लालवानीला. तिरकं गेलं तर बघून घेईन."

खडू काय, घरी पोहोचेपर्यंत पुसला. पण रेघ सगळ्यांच्या लक्षात राहिली. हॉस्पिटलात मॅडम त्या हाताच्या पहाऱ्यावर बसल्या. ‘उजव्याला सुई नको’ हे त्यांनी डॉक्टरांना, नर्सेसना, वॉर्डबॉयला, आणि जेवणाचा डबा आणणाऱ्यालाही सांगितलं. सकाळी एक नवी नर्स रक्त घ्यायला ट्रे घेऊन आली आणि सवयीने उजव्या बाजूला वळली. मॅडम डुलकीतून दचकून उठल्या आणि काही न सुचून आपलाच हात पुढे करून म्हणाल्या, "माझं घ्या!" ती पोर गोंधळून दोघांकडे बघत राहिली. मास्टर पोट धरून हसले. त्या आजारपणात मी त्यांना पहिल्यांदाच असं हसताना बघितलं.

ऑपरेशनला बराच वेळ लागला. लालवानी सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती. "मॅडम, पैर गरम है," एवढं बोलून त्यांनी ती पुढे केली. आत हाताच्या शिरेचा उरलेला तुकडा होता, आणि एका टोकाला नारिंगी गाठ. मॅडमनी बाटली माझ्याकडे दिली आणि तिथल्या बाकावर बसल्या.

मी त्या तुकड्याची काच केली. जीव ओतून रंगवली आणि शिकवलं होतं तसं शेजारी ठेवायला पायाच्या शिरेची एक काच घेऊन शिरगावला गेले. मॅडम म्हणाल्या, "ठेव तिथे." पुढच्या खेपेला ती त्याच जागी होती, त्याच्या पुढच्यालाही. मला वाटतं, त्यांनी ती कधी बघितलीच नाही. आता ती माझ्याकडे आहे.

मॅडमना मी शेवटचं बघितलं ते कॅम्प पाचमध्ये, मास्टरच्या दुकानात. ऑपरेशनला बराच काळ लोटला होता. काळं बोट तेवढं गेलं होतं, पाय राहिला होता. उजव्या हातावरचा लांब व्रण मास्टर गिऱ्हाइकांना दाखवायचे, आणि अंगठ्याच्या बाजूला अजून जरा बधिर वाटतं, अशी बहिणीकडे पाहून तक्रारही करायचे. मी गेले तेव्हा मशीन बंद होतं. निळ्या पँटींच्या ढिगात मॅडम एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. भावाची चप्पल त्यांनी काढून ठेवली होती आणि त्याच्या उजव्या पावलावर दोन बोटं ठेवून डोळे मिटले होते. नव्या शिरेतून पावलात येणारा ठोका बघत होत्या. समोरच्या दुकानातला सिंधी शेठ पायरीवरून मजा बघत होता.

"अगं लोक बघतात," मास्टर म्हणाले. "एवढी मोठी डॉक्टर, भर बाजारात भावाचे पाय धरून बसली."

"गप बस. मोजू दे."

मी दारातच उभी राहिले. थोड्या वेळाने मॅडमनी डोळे उघडले. मला बघून त्या हसल्या. बोटं तशीच होती.

"चांगली चालतेय," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कशापेक्षा, मॅडम?"

डावा पाय तिथेच होता, वीतभर अंतरावर, चपलेत. नेहमीप्रमाणे त्यांनी आधी त्याचा ठोका बघायला हवा होता, मग याचा, मग परत त्याचा. त्यांनी डाव्या पायाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"कशापेक्षा नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसती चांगली."

"झालं का तुझं?" मास्टर म्हणाले. "गिऱ्हाईक खोळंबलंय." मॅडमनी हात काढला, स्टूल जरा मागे सरकवलं, आणि मास्टरनी पाय पायट्यावर ठेवला.